एकोणीस मिलिमीटर

लोक म्हणतात, चेन काय, कुठलीही बसते.
बसते. देवळाबाहेर चप्पल हरवली
की दुसऱ्याच्या चपलेत पायही बसतो.

दौलतगंजात माझं दुकान, जिन्याखाली.
ताठ उभं राहिलं की डोकं लागतं.
बिस्किटांचे अकरा डबे, त्यांत नुसत्या चेन.
घड्याळं गेली, मनगटं गेली, ह्या राहिल्या.
डब्यांवर रंगाने लिहिलंय : अठरा, एकोणीस, वीस.
एकोणीसचा सगळ्यांत हलका.
एकोणीसची शिंगं थोड्याच घड्याळांना,
आणि त्यांत अठराची चेन अडकवणारे
लश्करभर.
दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर फट.
त्या फटीतून माझी झोप जाते.

मार्चात नलिनी टेंबे आल्या,
रुमालाच्या गाठीत क्रोनोग्राफ.
दोन बटणं, काळी तबकडी,
सेकंदाचा लांब काटा बारावर
शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा.
पट्टा मात्र नायलॉनचा, निळा, मेळ्यातला.

"बाबांचं. बिर्लानगरला गिरणीत होते, टाइमवर."
हजेरी घ्यायचे?
"नाही. मागाशी उभे राहायचे.
तुटला धागा सांधायला किती सेकंद,
कांडी बदलायला किती,
पाणी प्यायला किती. सगळं वहीत."

मी भिंग लावलं.
शिंगांच्या आत घासल्याची चंद्रकोर,
म्हणजे मूळची चेन पोकळ कड्यांची.
झाकण उघडून नंबर माझ्या वहीशी जुळवला.
तेवीस वर्षांची वही :
कुठल्या घड्याळाला कुठल्या साली कुठली चेन,
टोकाच्या कडीवर कोणता आकडा.

आणि ती होती. माझ्याकडे होती.
तेलकागदात, नऊ वर्षं, कुणालाच न दाखवलेली.
आकडा तोच. पकडीच्या आत साल, तिमाही.
एक कडी सैल नाही.
बसवली. टक्.
त्यानंतर काही आवाजच नाही.

वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील.
त्यांनी घड्याळ कानापाशी नेलं
आणि खुळखुळ्यासारखं हलवलं.
पुन्हा हलवलं.
"ही नव्हे."
अहो, हीच. शंभर टक्के हीच.
"वाजत नाही.
बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की आधी चेन यायची.
आई तवा चढवायची."

कड्या झिजल्या असतील, मी म्हणालो.
"झिजल्या नंतर. आधीपासूनच मोठी होती.
आई म्हणायची, दोन कड्या काढून आणा.
नाही काढल्या. कधीच नाही."

मग जरा थांबून,
"तेराव्याला रामसनेही आला होता, विणकर.
म्हणाला, बाबूजी की चेन से हमें पता चल जाता था.
मी म्हटलं, चारशे मागांच्या गदारोळात?
सुनाई नहीं, बिटिया, दिखती थी.
घड़ी हथेली पे उतर आती, बाबूजी हाथ झटकते.
दूर से झटका दिखा,
कि हमारे हाथ धीमे."

मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्या रुमालाची घडी घालत होत्या.
विचारावंसं वाटलं, त्यांना ठाऊक होतं का?
विचारलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

अठराचा डबा उपडा केला काचेवर.
एक सापडली, ताणून लांबलेली,
आकडा चुकीचा, पकड दुसऱ्याच कंपनीची,
उभी धरली तर वेलीसारखी लवते.
बसवताना माझेच हात ऐकेनात.
फट दिसत होती. मला तरी दिसत होती.

त्यांनी मनगटात घातली, हलवली.
काही म्हणाल्या नाहीत. पैसे विचारले.
दीडशे म्हणालो.

बरोबरची परत तेलकागदात गुंडाळत
जिन्याखाली वाकून उभा होतो.
रस्ता ओलांडताना घड्याळ त्यांच्या तळव्यावर घसरलं,
त्यांनी हात झटकला,
आणि समोरून येणारा टेम्पो
हळू झाला.